चौथं घर: जुन्या .३२ रिव्हॉल्व्हरच्या तपासणीचं एक प्रकरण

भाच्याचा फोन आला तेव्हा त्याचं मन आधीच बनलं होतं. "मामाजी, परदेशी माल आहे. पॉलिश अजून आरशासारखं. तुम्ही एकदा नजर टाका अन् हो म्हणा, म्हणजे मी उद्याच बयाणा देऊन टाकतो." नागपूरच्या इतवारी सराफ्यात त्याचं दुकान. रात्री उशिरा रोकड आणि माल घेऊन घरी यावं लागतं, म्हणून त्याने परवाना मागितला होता आणि तो नुकताच हातात पडला होता. परवान्यावर शस्त्र घेण्याची मुदत लिहिलेली असते, त्यामुळे त्याला घाईही होती. मी म्हटलं, "बयाणा देऊ नको. आधी पाहू."

माझी सगळी नोकरी अंबाझरीच्या आयुध निर्माणीत, तपासणी विभागात गेली. तिथे रिव्हॉल्व्हर बनत नाहीत, दारूगोळ्याचे धातूचे भाग बनतात. पण भागाचा चेहरा पाहून निकाल द्यायचा नाही, गेज लावून द्यायचा, ही सवय तिथलीच. शिवाय बरीच वर्षं माझ्या परवान्यावर कानपूरच्या सरकारी कारखान्यात बनलेलं .३२ रिव्हॉल्व्हर आहे. माझी पात्रता एवढीच. मी शस्त्र दुरुस्त करणारा नाही आणि मला तो अधिकारही नाही, हे इथेच सांगून ठेवतो, कारण या प्रकरणात शेवटी तोच मुद्दा कळीचा ठरला.

वस्तू कुठून आली

मूळ मालक वारले होते. पत्नी नागपुरात, मुलगा पुण्याला नोकरीत. मुलाला शस्त्र नको होतं. परवाना माणसाच्या नावावर असतो. माणूस गेला की घरच्यांना ते शस्त्र कपाटात ठेवता येत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २१ प्रमाणे ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. या कुटुंबाने ते सीताबर्डीजवळच्या एका विक्रेत्याकडे रीतसर जमा केलं होतं आणि आता विकायला काढलं होतं. जुनी शस्त्रं बाजारात येण्याची आणखीही एक वाट आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला ठेवता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली, त्यामुळे अनेकांना तिसरं शस्त्र काढून टाकावं लागलं.

किमतीचं गणित समजून घेतलं पाहिजे. ९ मिलिमीटर किंवा .४५५ सारखे बोअर, म्हणजे नळीची मापं, सर्वसामान्य परवान्यावर मिळत नाहीत, म्हणून रिव्हॉल्व्हर म्हटलं की नागरिकाच्या वाट्याला बहुतेक वेळा .३२ येतं. नवं घ्यायचं तर सहसा कानपूरचं. वेब्लीच्या धाटणीचं, बिजागरीवर मोडून उघडणारं, सहा घरांचं, म्हणजे सिलिंडरमध्ये काडतुसांच्या सहा जागा असलेलं. परदेशी रिव्हॉल्व्हर खासगी माणसाने बाहेरून आणण्याची वाट १९८० च्या दशकात बंद झाली, त्यामुळे देशात आहेत तेवढीच फिरत राहतात. म्हणून नळीवरच्या परदेशी अक्षरांना भाव मिळतो, आतलं यंत्र कसं आहे ते नंतर पाहिलं जातं. भाच्याचंही नेमकं तेच झालं होतं.

दुकानात

मे महिन्यातली दुपार होती. सीताबर्डीचा रस्ता तापून पांढरा पडलेला. पिशवीत मी चार वस्तू नेल्या होत्या: छोटा टॉर्च, सहा डमी काडतुसं, पांढऱ्या खडूचा तुकडा आणि मोटारसायकलचे टॅपेट बसवायला वापरतात ते फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्या. भाच्याने आपलं सराफी भिंग आणलं होतं. का, ते त्याचं त्यालाच ठाऊक. खिशात असतंच म्हणाला.

सगळ्यात आधी कागद. विक्रेत्याच्या नोंदीतला क्रमांक आणि शस्त्रावरचा क्रमांक अक्षर न् अक्षर जुळवला. यात एक आकडा जरी खोडलेला, पुसट किंवा नव्याने कोरलेला दिसला, तर पुढची तपासणी करायची गरज नाही, उठून निघायचं. इथे क्रमांक स्वच्छ होता.

मग रिव्हॉल्व्हर हातात घेतलं. तोंड भिंतीकडे, बोट चापाबाहेर. खटका पुढे ढकलून सिलिंडर बाजूला काढलं, सहाही घरं उजेडात पाहिली आणि करंगळीचं टोक प्रत्येकात घालून खात्री केली. टेबलावर एकही खरं काडतूस नको, असं विक्रेत्याला आधीच सांगितलं होतं. शस्त्र माझ्या हातातून भाच्याच्या हातात गेलं तेव्हा त्यालाही हेच पुन्हा करायला लावलं. "तुम्ही आत्ताच पाहिलं नं," तो म्हणाला. मी म्हटलं, मी पाहिलं ते माझ्यासाठी.

बाहेरून वस्तू खरंच देखणी होती. गडद निळा रंग, कुठे गंज नाही, लाकडी मूठ चकचकीत. नागपुरात हे जरा विचार करायला लावणारं असतं. इथे उन्हाळाभर घराघरात डेझर्ट कूलर चालतो आणि पावसाळ्यात हवा दमट. चामड्याच्या म्यानात ठेवलेलं पोलाद अशा घरात वीस-तीस वर्षं राहिलं की चामड्यातली रसायनं आणि ओल मिळून बारीक टिपके पाडतातच. इथे एकही टिपका नव्हता. मला शंका आली, पण ती पक्की केली भाच्याने. त्याने भिंग डोळ्याला लावून नळीवरची अक्षरं पाहिली आणि म्हणाला, "मामाजी, याला उजाळा दिलाय. अक्षरांच्या कडा पाहा, गोल झाल्या आहेत. मूळ ठसा असा नसतो, त्याची कड टोचते." सोन्याच्या जुन्या दागिन्याला उजाळा दिला की हॉलमार्कच्या कडा जशा बोथट होतात, तसंच हे. कुणीतरी घासून पुन्हा रंग चढवला होता. उजाळा देणं हा काही गुन्हा नाही, पण ज्या चकाकीसाठी तो बयाणा द्यायला निघाला होता ती मूळची नव्हती, हे त्याचं त्यालाच दिसलं.

मग मी उजव्या बाजूची पातळ प्लेट पाहिली. ती काढली की आतलं यंत्र दिसतं. कारखान्यातून आलेली प्लेट चौकटीत अशी बसलेली असते की सांधा शोधावा लागतो. इथे एका कडेला नख अडकत होतं. आणि तिच्या तीन स्क्रूंपैकी दोघांच्या खाचा फाटलेल्या. योग्य मापाचं पेचकस न वापरता, घराच्या विजेच्या बोर्डाला लावतो तसलं काहीतरी वापरून कुणीतरी हे उघडलं होतं. जुनं शस्त्र पाहताना मी स्क्रूंकडे फार बारकाईने पाहतो. रंग नवा करता येतो, मूठ बदलता येते, पण फाटलेली खाच सांगतेच की इथे अनाडी हात पडला आहे. तो हात आत काय करून गेला, हा पुढचा प्रश्न.

नळी ठीक निघाली. मागून पांढरा कागद धरून तोंडाकडून टॉर्च मारला; आतल्या चऱ्या कडेपर्यंत स्पष्ट, मध्ये कुठे काळं कडं नाही. काळं कडं दिसलं तर नळी फुगलेली असू शकते, म्हणजे कधीतरी आत अडकलेल्या गोळीमागून दुसरी मारली गेली असावी. तसं काही नव्हतं. नळीच्या मागच्या तोंडाशी मात्र, गोळी सिलिंडरमधून जिथे नळीत शिरते तिथल्या उताराच्या एकाच बाजूला करड्या रंगाचा पातळ लेप होता. शिसं. सगळीकडे सारखं असतं तर मी ते साफसफाईवर सोडून दिलं असतं. एकाच बाजूला का, याची मनात नोंद केली आणि पुढे गेलो.

सिलिंडर उघडं ठेवून हलकेच फिरवलं आणि काडतुसं बाहेर काढायच्या दांडीच्या टोकावर नजर ठेवली. टोक डगमगलं तर दांडी वाकलेली. ती सरळ होती. क्रेन, म्हणजे सिलिंडर ज्यावर बाजूला येतं तो हात, बंद करताना चौकटीला सारखी बसत होती. सिनेमात मनगटाचा झटका देऊन सिलिंडर बंद करतात, त्याने हीच क्रेन वाकते. या मालकाने निदान ते केलं नव्हतं.

बंद करून फीलर गेज लावलं. सिलिंडर आणि नळी यांच्यामधली फट साधारण ०.१० ते ०.२० मिलिमीटर असावी. ०.३० च्या पुढे गेली तर गरम वायू आणि शिशाचे कण बाजूने जास्त उडतात, आणि फट मुळीच नसली तर थोडा गोळीबार झाला की सिलिंडर घासू लागतं. सिलिंडर मागे दाबून ०.२० ची पाती गेली, पुढे दाबून ०.१५ ची. म्हणजे पुढे-मागे खेळ ०.०५. या वयाच्या यंत्राला हे चांगलंच म्हणायचं. भाच्याचा चेहरा पुन्हा उजळला.

सहा घरं, एकेक करून

आता मुख्य गोष्ट. रिव्हॉल्व्हर घेणारा माणूस दुकानात घोडा, म्हणजे मागची हातोडी, तीन-चारदा ओढतो, खट्खट् आवाज ऐकतो आणि खूश होतो. तेवढ्याने या यंत्राची परीक्षा होत नाही. घोडा मागे ओढला की आतला पॉल, म्हणजे ढकलणारी छोटी पट्टी, सिलिंडरच्या मागच्या रॅचेटच्या (दातेरी चक्राच्या) एका दाताला वर ढकलते, सिलिंडर एक घर पुढे सरकतं, आणि पुढचं घर नळीच्या बरोब्बर रेषेत आलं की खालून स्प्रिंगवरचा स्टॉप सिलिंडरच्या खाचेत बसतो. हे सगळं घोडा पूर्ण मागे पोचायच्या आत व्हायला हवं. यालाच टायमिंग म्हणतात. दात सहा आहेत, खाचा सहा आहेत. एकाचं बरोबर म्हणजे सहांचं बरोबर, असं नसतं.

आणि घोडा जोरात ओढला तर दोष लपतो. सिलिंडरला वेग येतो, त्या वेगात ते उरलेलं अंतर आपोआप कापतं आणि स्टॉप खाचेत पडतो. पॉलने ढकलून आणलं की धक्क्याने आलं, हे कानाला कळत नाही. म्हणून घोडा अगदी हळू ओढायचा, आणि डाव्या हाताच्या बोटाचा स्पर्श सिलिंडरला असा ठेवायचा की त्याला स्वतःच्या वेगाने पळता येऊ नये. दाबायचं नाही, नुसता अडथळा.

मी खडूने घरांवर एक ते सहा ठिपके केले. डमी काडतुसं भरली, कारण मोकळ्या घरावर घोडा पाडणं जुन्या यंत्राला बरं नाही. विक्रेत्याची परवानगी घेतलीच होती. पहिलं घर: घोडा मागे आला, मध्येच स्टॉप खाचेत बसल्याची बारीक टिक्, मग पूर्ण कॉक, म्हणजे घोडा मागे अडकून राहिला. दुसरं तसंच. तिसऱ्याला सिलिंडर जरा जड वाटलं, पण टिक् वेळेवर. चौथ्याला घोडा पूर्ण मागे जाऊन अडकला आणि टिक् आलाच नाही. मी बोट काढलं. सिलिंडर तसंच. मग बोटाने किंचित पुढे ढकललं, केसाएवढं, आणि तेव्हा कुठे टिक् झाला.

भाच्याने ऐकलं. "पुन्हा करा," म्हणाला. पुन्हा केलं. पुन्हा चौथंच. मग मी जोरात ओढून दाखवलं. सहाही घरं खट्खट्, एकही दोष नाही. हळू ओढलं की चौथं घर उशिरा. चाप ओढूनही तेच करून पाहिलं, हळू ओढल्यावर तिथेही चौथं मागे राहिलं.

याचा अर्थ काय, ते मी त्याला पेन्सिलीने दाखवलं. घर आणि नळी रेषेत नसताना गोळी सुटली, तर ती नळीच्या तोंडाच्या एका कडेवर आपटते. शिशाची बाजू सोलली जाते आणि ते कण फटीतून बाजूला फेकले जातात: चालवणाऱ्याच्या हातावर, शेजारी उभ्या माणसाच्या डोळ्यात. सुईही काडतुसाच्या मध्यावर न लागता कडेला लागू शकते, मग काडतूस फुटतच नाही. ज्या रात्री हे शस्त्र खरोखर लागेल त्या रात्री घाबरलेला माणूस हळू ओढेल की जोरात, कोण सांगणार? आणि नळीच्या एकाच बाजूचा तो करडा लेप आता बोलू लागला होता.

कॉक केलेल्या घोड्याला अंगठ्याने मागून पुढे ढकलून पाहिलं. तो सुटला नाही, म्हणजे निदान ती पकड शाबूत होती. चाप दाबून धरल्यावर सिलिंडरचा बाजूचा खेळ पाच घरांवर अगदी थोडा होता. हे सगळं चांगलं. पण चौथं घर चौथंच राहिलं.

दात कुणी कापला

पॉल झिजला असता तर सहाही घरं उशिरा आली असती, कारण तो एकच आहे आणि सगळ्या दातांना तोच ढकलतो. एकच घर उशिरा म्हणजे दोष त्या एका दातात किंवा त्या एका खाचेत. खाच मी टॉर्चमध्ये पाहिली, कडा चांगल्या होत्या. उरला दात.

सिलिंडर उघडून दांडी अर्धी दाबली. मागची चांदणी, म्हणजे काडतुसं बाहेर ढकलणारा चांदणीच्या आकाराचा भाग, वर आली. रॅचेट या चांदणीवरच कोरलेलं असतं. आणि चांदणीच्या खाली, तिच्या बसायच्या जागेत, न जळलेल्या दारूचे दाणे घट्ट बसलेले होते, तिळाएवढे दोन आणि त्यांच्याभोवती वाळलेलं तेल. असा एक कण जरी अडकला तरी चांदणी पूर्ण खाली बसत नाही, सिलिंडर मागच्या भिंतीला घासतं आणि कुठेतरी जड फिरतं. तिसऱ्या घराजवळ मला जे जड लागलं होतं त्याचं कारण हेच. विक्रेत्याने ब्रशने साफ केलं, पुन्हा बंद केलं. तिसरं घर लोण्यासारखं फिरलं. चौथं तेवढंच उशिरा.

मग भाच्याने भिंग लावलं. तो बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "मामाजी, ही कानशीची रेघ आहे. बाकीच्या पाच दातांवर घासल्याची चकाकी आहे, हा दात तासलाय. एकाच दिशेने तासलाय, बारीक कानशीने." त्याच्या वडिलांनी त्याला लहानपणापासून कानस चालवायला लावली होती, या बाबतीत मी त्याच्यापुढे काही नाही.

आता मी जे सांगतो तो माझा तर्क आहे, पण सगळे पुरावे त्याच्याच बाजूने उभे आहेत. कधीतरी दारूचे कण चांदणीखाली अडकले. सिलिंडर एका ठिकाणी जड फिरू लागलं. मालकाने ते कुणा ओळखीच्या मिस्त्रीला दाखवलं. त्याने प्लेट उघडली, स्क्रू फाडले, आणि जिथे अडतं तिथला दात अडचण करतोय असं समजून त्यावर कानस फिरवली. घाण तशीच राहिली, दात गेला. काम होतं ब्रशचं, दोन मिनिटांचं.

म्हणूनच कायद्याने शस्त्र विकण्यासारखंच शस्त्र दुरुस्त करणंही कलम ५ खाली परवान्याचं काम ठरवलं आहे. मला हे नुसतं कागदी बंधन वाटत नाही. ज्याच्याकडे त्या मॉडेलचे सुटे भाग, योग्य पेचकस आणि टायमिंग तपासायची शिस्त नाही, त्याने आत हात घालू नये. घड्याळ बिघडलं तर वेळ चुकते. इथे चूक झाली तर डोळा जातो.

निर्णय

मी विक्रेत्यासमोरच भाच्याला सांगितलं: आहे त्या स्थितीत घेऊ नको. कमी भावातही नको. चौथं घर मोकळं ठेवून पाच काडतुसं भरीन, असा विचार त्याच्या मनात आला होता आणि त्याने तो बोलूनही दाखवला. सिलिंडर फिरतं, कुठलं घर कधी वर येईल ते घाईत कुणी मोजत नाही. तो विचार त्याने लगेच सोडला.

विक्रेता समंजस निघाला. त्याने दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडे विचारणा करायची तयारी दाखवली. दात भरता येत नाही, पूर्ण चांदणी बदलावी लागते आणि नव्या चांदणीला सहाही घरांवर बसवून घ्यावं लागतं. एवढ्या जुन्या परदेशी मॉडेलचे सुटे भाग मिळणं हीच मोठी अडचण. परदेशी अक्षरांना भाव देताना याचाही हिशोब करावा लागतो. कानपूरच्या .३२ चे भाग आजही देशातच बनतात. दुरुस्ती होईपर्यंत शस्त्र विकायचं नाही, असं ठरलं आणि खोक्यावर चिठ्ठी लागली: "चौथे घर, टायमिंग उशिरा. दुरुस्तीशिवाय विक्री नाही."

व्यवहार झाला असता तरी तो त्या दिवशी पुरा झालाच नसता. स्वतःचं शस्त्र दुसऱ्या परवानाधारकाला द्यायचं तर तसं आधी लेखी कळवावं लागतं आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबावं लागतं. लोकांना हा काळ जाचक वाटतो. मला उलट वाटतं की त्या दिवसांत दोन-तीनदा जाऊन शस्त्र हळू हळू फिरवून पाहावं.

उरलं होतं त्या कुटुंबाला सांगणं. विक्रेत्याने नंबर दिला आणि मी त्या वहिनींशी स्वतः बोललो. शस्त्रात दोष आहे, तो तुमच्या यजमानांचा नाही, मध्ये कुणीतरी चुकीचा हात लावला आहे, असं सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "हाव, एकदा दुरुस्त करून आणलं होतं त्यांनी. नंतर रेंजवर गेले तर परत येताना अंगठ्याजवळ रक्त होतं. काहीतरी बारीक लागलं म्हणाले. मग पुन्हा कधी गेलेच नाहीत."